प्रौढांची पाटी कोरी नसते

पाउलो फ्रेरी (१९२१-१९९७) या ब्राझिली शिक्षणवेत्त्यांचा पीडितांच्या शिक्षणशास्त्रावरील ग्रंथ १९७० सालीं इंग्रजींत अवतरला. प्रौढशिक्षणाच्या चर्चेंत त्याचा आधार वारंवार घेतला जातो. परंतु जितका घेतला जातो तितका तो पारखला जात नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ग्रंथाचें प्रतिपादन थोडक्यांत असें: रूढ शिक्षणांत गुरु हा ठेव ठेवणारा आणि शिष्य ही रिकामी तिजोरी. बालकांच्या बाबतींत ही रीत गैर, तर प्रौढांच्या बाबतींत ती अपमानकारक होय. ज्यानें पंचवीस वर्षें शेत कसलें, कर्ज फेडलें, मुलें वाढविलीं, त्याला कोरी पाटी समजून घोकावयास बसविणें म्हणजे त्याचें सारें आयुष्य पुसून टाकणें होय.

हा विचार केवळ कागदी नव्हता. १९६३ सालीं ईशान्य ब्राझीलमधील आंजिकुस गांवीं सुमारें ३०० प्रौढांस अवघ्या चाळीस तासांत साक्षर करण्याचा प्रयोग फ्रेरींनीं केला. त्यांच्या रीतींत प्रथम लोकांच्या बोलण्यांतील शब्द टिपावयाचे, मग जीवनांतील चित्रावर चर्चा, आणि त्यानंतर अक्षर. ‘तिजोलो’ म्हणजे वीट. या शब्दाचे तीन तुकडे करून आपल्या बाराखडीसारख्याच ओळी मांडीत. त्यांतून शिकणारा स्वतः शब्द जुळवी: ‘लोजा’ म्हणजे दुकान, ‘लुता’ म्हणजे झुंज. घोकणारा येथें रचणारा झाला. निरक्षरांस ब्राझीलमध्यें १९८५ पर्यंत मताचा अधिकार नव्हता, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या अक्षरांचें मोल कळतें. १९६४ च्या लष्करी उठावानंतर हें कार्य थांबलें. फ्रेरींच्या वांट्यास तुरुंग व देशत्याग आला.

येथपर्यंत आम्ही ग्रंथकारांशीं सहमत आहों. परंतु संवादाचा पुरस्कार करणारा हा ग्रंथ स्वतः मात्र बहुतांशीं एकतर्फी बोलतो. विटेसारखे मूर्त शब्द मागें पडून अमूर्त संज्ञांची गर्दी होते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चर्चेचा शेवट शिक्षकानेंच आधीं ठरविला असेल, तर ती चर्चा नव्हे. गोड बोलून करविलेलें तें पाठांतरच.

या आक्षेपाचें उत्तर ग्रंथांतच एके ठिकाणीं आहे. सांतियागो शहरांतील चाळकऱ्यांसमोर दारुड्याचें चित्र ठेवलें होतें. मद्यपानाचे दुष्परिणाम निघावे ही अपेक्षा. लोक म्हणाले, चित्रांतला कामाचा माणूस तो एकटाच. तुटपुंज्या मजुरीवर दिवसभर राबून, घरच्यांच्या काळजीनें तो प्यालेला आहे! योजिलेला पाठ शिकणाऱ्यांनीं उलटविला, आणि खरें शिक्षण तेथें सुरू झालें.

असा स्वतंत्र आवाज ग्रंथांत विरळाच ऐकूं येतो, ही त्याची उणीव. तथापि प्रौढवर्ग चालविणारानें तेवढें पान अवश्य वाचावें, आणि आपला पाठ वर्गानें शेवटचा केव्हां उलटविला, हें स्वतःस विचारावें.