रिकार्डोच्या उदाहरणात नाका नाही

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलेले एक उदाहरण आहे. डेव्हिड रिकार्डोने १८१७ च्या आपल्या ग्रंथात, सातव्या प्रकरणात ते दिले. ठरावीक कापड विणायला इंग्लंडला वर्षभर १०० माणसे लागतात, पोर्तुगालला ९०. त्याच्या मोबदल्यातील वाइन करायला इंग्लंडला १२०, पोर्तुगालला ८०. पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरी त्याने वाइनच करावी, इंग्लंडने कापड, आणि अदलाबदल करावी. त्यात दोघांचाही फायदा. महाविद्यालयाबाहेर राहून हा विषय शिकलेल्या माझ्यासारख्याला या चार आकड्यांनी भुरळ घातली होती. त्यांच्या तर्कात आजही मला खोट दिसत नाही. प्रश्न आहे तो उदाहरणातून काय गाळले, याचा.

पहिली गाळलेली गोष्ट म्हणजे नाका. रिकार्डोच्या पिंपाला वाटेत कागदपत्रे, तपासणी, रांग काहीच आडवे येत नाही. झांबिया-झिम्बाब्वे सीमेवर, झांबेझी नदीवरील चिरुंडूला मात्र मालमोटारी कित्येक दिवस खोळंबत. तोच माल आधी या तीरावर तपासायचा, मग त्या तीरावर. गाडीभाडे, चालकाचा भत्ता, अडकलेले भांडवल हे सारे शेवटी मालाच्या किमतीत चढे. डिसेंबर २००९ मध्ये तिथे एक-थांबा नाका सुरू झाला. पलीकडच्या तीरावर दोन्ही देशांचे अधिकारी एकत्र बसून एकदाच तपासणी करू लागले आणि खोळंबा बराच घटला. जागतिक व्यापार संघटनेचा फेब्रुवारी २०१७ पासून अमलात आलेला व्यापार सुलभीकरण करारही याच दिशेचा आहे. इथवर सुलभीकरणाच्या समर्थकांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. समुद्रकिनारा नसलेल्या देशाला हा खोळंबा म्हणजे एक करच. फक्त तो सरकारी तिजोरीत जमा होत नाही.

दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे काळ. वाइन करत राहिलेला पोर्तुगाल पन्नास वर्षांनी कोणते नवे कसब शिकलेला असेल, हे ते चार आकडे सांगत नाहीत. १७०३ च्या मेथ्युएन तहाने इंग्लिश लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ खुली झाली आणि पोर्तुगीज वाइनला इंग्लंडात फ्रेंच वाइनपेक्षा कमी जकात लागू झाली. म्हणजे कोणी काय करायचे, हे ठरण्यात राजकारणाचाही हात होता. उदाहरणात त्याचा मागमूस नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात नेमके यावरच बोट ठेवले. अर्थशास्त्राचे सिद्धान्त सर्व देशांना, सर्व काळी सारखेच लागू पडत नाहीत. आजच्या लाभाइतकीच राष्ट्राची उत्पादनक्षमता पाहिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

ही कसोटी झांबियाला लावून पाहू. नाका सुधारला, तरी निर्यातीत सर्वांत मोठा वाटा तांब्याचाच राहिला. तांब्याचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. नोव्हेंबर २०२० मध्ये देशाच्या परकीय रोख्यांवरील व्याज थकले. त्यामागे कर्जाचा डोंगर होता, कोविडची साथ होती. दोष नाक्याचा नव्हता. पण एवढ्या मोठ्या धक्क्याला तोंड देण्याचे बळ नुसत्या नाक्याने येत नाही, हेही त्यातून दिसले.

म्हणून सुलभीकरणाच्या यशाचे मोजमाप केवळ वाचलेल्या तासांत करणे मला अपुरे वाटते. रांग आखूड झाल्यावर दहा वर्षांनी त्या मालमोटारींत कोणता नवा माल भरला जातो, हेही मोजायला हवे. विकासाचा हिशेब तिथून सुरू होतो.