चुकीच्या नकाशाची बाजू

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी हॉस्टेलच्या खोलीत आम्ही पाच जण 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचो. हा खेळ माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. एक जण गेम मास्टर असतो. तो एक जग रचतो आणि तोंडी सांगतो. बाकीचे त्या जगातली पात्रं होतात, आपण काय करतोय ते सांगतात आणि अडलं की फासे टाकतात.

गेम मास्टर मी असायचो. उरलेल्या चौघांतला एक सिव्हिलचा होता. तो बोलायचा कमी, पण त्याच्याकडे ग्राफची वही होती. मी "समोर तीस फुटांचा बोळ, शेवटी डावीकडे दार" असं म्हटलं की त्याची पेन्सिल चालू व्हायची. भुयारातून पळ काढायची वेळ आली की सगळे त्याच्या वहीवर वाकायचे. वही हमखास कुठेतरी चुकलेली असायची. एकदा त्याने एक वळण उलटं काढलं आणि अख्खी टोळी ज्यांच्यापासून पळत होती त्यांच्याच खोलीत शिरली. ती रात्र आम्ही अजून एकमेकांना सांगतो.

मग नोकऱ्या लागल्या. एक जण हैदराबादला गेला, एक जर्मनीला. खेळ ऑनलाइन आला आणि मी नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागलो.

नाद लागावा अशीच ही सॉफ्टवेअर्स आहेत. 'वंडरड्राफ्ट'मध्ये ब्रश फिरवला की समुद्रातून जमीन वर येते, किनारा आपोआप खडबडीत होतो, डोंगर आणि झाडं शिक्क्यांसारखी उमटत जातात. 'इंकार्नेट' तेच काम ब्राउझरमध्ये करतं. दोन तासांत एखाद्या जाडजूड कादंबरीच्या पहिल्या पानावर शोभेल असा नकाशा तयार होतो.

पण माझं खरं प्रेम 'अझगार्स फँटसी मॅप जनरेटर'वर आहे. तो फुकट आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. तो पृष्ठभागाचे हजारो बहुभुज करतो, उंची ठरवतो, वाऱ्यावरून पाऊस काढतो आणि त्या पाण्याला उतारावरून वाहू देतो. नद्या तशा बनतात. मग संस्कृती पसरतात, राज्यं पसरतात, गावं बसतात. गावांची नावं मार्कोव्ह चेनने तयार होतात, म्हणजे दिलेल्या नावांत कोणत्या अक्षरांमागे कोणती येतात ते पाहून नवी जुळवली जातात. नावांची यादी आपलीही देता येते. मी आमच्या तालुक्यातल्या गावांची नावं रोमन लिपीत भरली. बाहेर आली ती गावं कुठेच नाहीत, पण एसटीच्या पाटीवर दिसली असती तर मी शंका घेतली नसती. गेम मास्टरलाही आपल्या जगात काय आहे ते आधी माहीत नसावं, हे सुख या एका सॉफ्टवेअरने मला दिलं.

तक्रार आहे ती पुढच्या टप्प्याबद्दल. हे नकाशे खेळाडूंसमोर येतात ते 'व्हर्च्युअल टेबलटॉप'वर. 2012 मध्ये 'रोल20' आलं, 2020 मध्ये 'फाउंड्री', आणि दोन्हींत धुक्याची सोय आहे. गेम मास्टर नकाशावर भिंती आखून ठेवतो. पात्राला जिथून जेवढं दिसेल तेवढाच भाग उजळतो, बाकी सगळा काळा. डेव्हलपर म्हणून हे पाहताना मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या होत्या. प्रत्येक पात्राच्या नजरेची रेषा चालता चालता मोजली जाते!

मात्र या धुक्याला नकाशाच्या तुकड्याच्या तीनच अवस्था माहीत आहेत: न पाहिलेला, आधी पाहिलेला आणि आत्ता दिसत असलेला. चौथी अवस्था, म्हणजे 'चुकीचा माहीत असलेला', त्यात नाही. आमच्या धंद्यात एकाच माहितीच्या दोन प्रती जुळेनाशा झाल्या तर तो बग असतो. या खेळात मात्र खेळ त्या न जुळण्यातच होता.

हे माझं हॉस्टेलचं स्मरणरंजन नाही. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापला, तेव्हापासून नकाशे दोन आहेत. भुयाराचा खरा नकाशा गेम मास्टरने आलेख कागदावर काढून लपवायचा, आणि ऐकून ऐकून खेळाडूंनी आपला काढायचा. त्या पहिल्या पुस्तिकांत खेळाडूंचा नकाशा बिघडवण्याच्या युक्त्याही आहेत: उतार लक्षात येणार नाही असे बोळ, नकळत खाली सरकणाऱ्या खोल्या. यातली एखादी युक्ती आज व्हर्च्युअल टेबलटॉपवर करून बघा. खोली खाली सरकली की खालच्या मजल्याचं चित्र लोड होतं आणि गुपित तिथेच फुटतं. खेळाडू हरवू शकत नाहीत, कारण त्यांच्या हातात माझाच नकाशा आहे, फक्त काळं फासलेला.

दुसरी बाजूही आहे, ती नाकारत नाही. ऐकून नकाशा काढणं कंटाळवाणं असतं. "चाळीस फूट की पन्नास?" यात अर्धा तास जातो. लढाईत कोण कुठे उभं आहे यावर वाद होतात, आणि जर्मनीतल्या मित्राला पुण्यातली वही दिसत नाही. लढाईपुरता सगळ्यांसमोर एकच अचूक नकाशा असणं ही सोयच आहे. पण सोय लढाईपुरती राहिली नाही. हाताशी अचूक नकाशा आहे म्हणून मी गावाची गल्लीही दाखवायला लागलो आणि जंगलातली पायवाटसुद्धा. शिवाय एवढी मेहनत घेतलेलं चित्र ऐनवेळी बदलावंसं वाटत नाही. खेळाडूंनी नसलेल्या पुलाची चौकशी केली तर पूर्वी मी पूल उभा करायचो. आता म्हणायचो, "नकाशात नाहीये रे."

सिव्हिलवाला मित्र हळूहळू म्यूटवर राहू लागला. मग महिनाआड येऊ लागला, मग थांबला. मला वाटलं साइटवरचं काम वाढलं असेल. पुढे कधीतरी विचारलं तेव्हा त्याने एवढंच लिहिलं: "तिथे आता मला काही काम नसतं."

दोष सॉफ्टवेअरचा की माझा? धुक्याचं बटण मीच दाबलं होतं. पण अवजाराला जे सोपं जातं तेच आपण करत राहतो, म्हणून अवजारात काय नाही हे बोलायला हवं. खेळाडूंना आपापला, एकमेकांशी न जुळणारा नकाशा काढायला कोरा चौकटींचा कागद द्या आणि तो खऱ्या नकाशाशी जोडू नका. एवढंच माझं मागणं आहे. बनवायला ते धुक्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

गेल्या महिन्यात मी नकाशा बंद ठेवून फक्त आवाजावर एक सेशन घेतलं. त्याला आधी मेसेज केला, "वही आण." तो आला. अडीच तासांत "किती फूट?" याखेरीज फारसं काही बोलला नाही. शेवटी ग्रुपवर पानाचा फोटो टाकला. नदी त्याने देवळाच्या पूर्वेला काढली आहे. माझ्याकडे ती पश्चिमेला आहे.

मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. पुढचा खेळ शनिवारी आहे, आणि त्यांना रात्रीच्या अंधारात नदी गाठायची आहे.