अम्मीच्या आनंदाची नोंद

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा सुरू झाली की आपण लगेच प्रश्नांकडे वळतो. सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. या काळात आपल्या लेखकांनी दंगलींवर लिहिले, संशयाच्या नजरेवर लिहिले, तलाक, पडदा आणि मोहल्ल्यातील दारिद्र्य यांवर लिहिले. ते लिहिणे आवश्यक होते आणि आजही आहे. पण या साऱ्या लेखनात आपली अम्मी कोठे आहे, असे स्वतःला विचारले की आम्ही अडखळतो. ती आहे, पण बहुतेक वेळा सोसताना, रडताना, दुआ मागताना दिसते. पहाटे उठून आपल्या घराकडे पाहणारी आणि पाहून मनातल्या मनात हसणारी अम्मी फारशी सापडत नाही.

याचा विचार करताना आम्हाला नंदुरबार जिल्ह्यातील एक कविता आठवते. शहादा तालुक्यातील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या 'स्टेज' या कवितेचा आशय असा की, ज्यांचे दुःख आहे ते खालीच बसून राहतात आणि स्टेजवरची माणसे त्यांचे दुःख त्यांनाच सांगत राहतात. आदिवासींच्या अनुभवातून आलेली ही टीका मुस्लिम आईलाही लागू पडते. १९८५ चा शाहबानो निकाल, २०१७ चा तिहेरी तलाकचा निकाल, २०१९ चा कायदा, प्रत्येक वेळी तिच्याविषयी बोलायला स्टेजवर गर्दी झाली. कोणी तिच्या बाजूने बोलले, कोणी तिच्या नावाने बोलले. तिचे दुःख निदान दुसऱ्यांनी तरी सांगितले. तिचा आनंद मात्र कोणी सांगितला नाही, कारण तिला तो असेल हेच कोणाच्या ध्यानात आले नाही.

यावर कोणी म्हणेल, ईदच्या दिवशी वर्तमानपत्रांत लेख येतातच की! येतात. शेजारचे काका-काकू येतात, अम्मी शीरखुर्म्याच्या वाट्या भरते, सगळे गोड होते. अशा लेखांमागचा हेतू चांगला असतो, हे आम्ही नाकारत नाही. पण तो आनंद पाहुण्यांना दाखवण्यासाठी मांडलेला असतो. त्यात अम्मी आपल्या समाजाच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला बनते. आदल्या रात्री खारका भिजत घालताना, मुलांचे नवे कपडे उशाशी ठेवताना तिला काय वाटले, हे त्या लेखाला विचारावेसे वाटत नाही. म्हणजे छापील पानांवर आपल्याकडे दोन अम्मी आहेत, एक पीडित आणि दुसरी वाटी पुढे करणारी. दोघींकडेही लोक पाहतात. त्या स्वतः काय पाहतात, याची नोंद नाही.

आनंद लिहिणे म्हणजे दुःखाकडे पाठ फिरवणे, असा एक समज आपल्या समीक्षेत खोल रुजला आहे. तो खरा नाही, हे उर्दू वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. इस्मत चुगताईंची 'चौथी का जोडा' ही कथा आठवून पाहा. मुलीच्या लग्नाची वाट पाहणाऱ्या गरीब घराची ही कथा शेवटी कफनाच्या कापडापाशी येऊन थांबते. पण तिची सुरुवात आईच्या हातातील कसबापासून होते. कापड कमी पडले, मोहल्ल्यातल्या बायकांनी हात टेकले, की ते कुबराच्या आईकडे यायचे. ती मापे घेई, कापड उलटसुलट करी आणि नेमके बेतून दाखवी. ते जमले की तिला होणारे समाधान चुगताईंनी आधी वाचकाला दिले आहे. म्हणूनच शेवटी त्याच हातांना कफन बेतावे लागते तेव्हा काळजात कळ उठते. आनंद वगळला असता तर ती आई केवळ दयेचा विषय उरली असती.

मराठीतही याचा मोठा दाखला आहे आणि तो एका अल्पसंख्य घरातलाच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. पतीने १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांनी स्वतः १९०० साली. या धर्मांतरावर एखादा वादग्रंथ लिहिता आला असता. लक्ष्मीबाईंनी घर लिहिले. लहरी कवी-नवरा, रिकामे डबे, अवचित येणारी माणसे आणि या सगळ्याकडे पाहून त्यांना येणारे हसू. मराठी वाचकाने हे पुस्तक 'ख्रिस्ती साहित्य' म्हणून कोपऱ्यात ठेवले नाही. ते आपल्याच घरातले म्हणून वाचले. धर्म लपवला म्हणून असे घडलेले नाही, तो तर पानोपानी आहे. बाई स्वतः बोलते आहे म्हणून हे घडले.

याच्या उलट बाजूला साने गुरुजींची 'श्यामची आई' आहे. खानदेशात, अमळनेरला शिक्षक असलेल्या गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ती लिहिली. तिचे थोरपण आम्ही मानतोच. पण ती आई मुलाच्या आठवणीतील आहे. ती काय शिकवते ते आपल्याला कळते; एकटी असताना कशाने सुखावते ते क्वचितच कळते. आपल्या लेखकांनी आईवर लिहिताना बहुधा हाच साचा घेतला. मुलगा कृतज्ञ होतो, डोळे भरून येतात आणि आई पुन्हा गप्पच राहते.

मेहरुन्निसा दलवाई यांच्या 'मी भरून पावले आहे' या १९९५ साली आलेल्या आत्मकथनाचे काय झाले, तेही तपासले पाहिजे. हमीद दलवाईंच्या चळवळीची साक्ष म्हणून आपण ते वाचतो, त्याच्याशी सहमत होतो किंवा भांडतो. पण नाव पाहा. आयुष्यभर नोकरी, मुली, कार्यकर्त्यांची ये-जा आणि नवऱ्याचे दीर्घ आजारपण सांभाळलेली बाई स्वतःच्या पुस्तकाला तक्रारीचे नाव देत नाही, तृप्तीचे देते. ही तृप्ती कशातून आली, हा प्रश्न साहित्याचा आहे. आपण पुस्तकाला विचारले ते बहुतेक समाजकारणाचे प्रश्न.

आता पुन्हा नंदुरबारकडे येऊ, कारण 'लहान आनंद' या शब्दांचा खरा कस तेथे लागतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात बहुआयामी गरिबीत तो राज्यात पहिला होता. अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांची नावे बालकांच्या कुपोषणाच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येत राहिली. अशा मुलखात लेकराने आज दोन घास जास्त खाल्ले, हा आनंद लहान कसा म्हणावा? हिवाळ्यात शहरालगतच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडते आणि मिरचीची देठे खुडायला बाया बसतात. हातांची आग, घशाला ठसका. संध्याकाळी घरी आल्यावर आईला मुलाला जवळ घ्यायचे असते, पण आधी हात पुन्हा पुन्हा धुवावे लागतात. ती आग उतरल्यावर मुलाच्या गालाला लागलेला हात, एवढ्या क्षणात तिची मजुरी, तिचे शरीर आणि तिची माया एकत्र येतात. यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. हा क्षण आईच्या नजरेने नीट पाहिला की आनंदाची किंमतही आपोआप दिसते. ज्या लेखनात ही किंमत दिसत नाही ते गोडगोड होते आणि ज्यात फक्त किंमतच दिसते ते अहवाल होते.

भाषेचा प्रश्नही येथेच उभा राहतो. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. या मुलखातील आईची जीभही अशीच हद्दींवर राहते. लेकराला झोपवताना घरची दखनी-उर्दू, भाजीवालीशी अहिराणी, मुलाच्या गुरुजींशी मराठी, सीमेपलीकडच्या नातेवाइकांत गुजराती. आपण लिहायला बसलो की तिच्या तोंडी एकतर शुद्ध पुस्तकी मराठी घालतो, नाहीतर हिंदी सिनेमातली 'या अल्लाह' छापाची भाषा. दोन्ही ठिकाणी तिचा आवाज जातो आणि आवाजाबरोबर तिचा विनोदही जातो.

खानदेशाने याचा मार्ग फार पूर्वी दाखवला आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. काम करता करता त्या जे म्हणत ते मुलाने, सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवले. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. सोपानदेव स्वतः कवी होते. त्यांनी आईवर नुसती कविता लिहून भागवले असते तर घरोट, चूल आणि सुगरणीचा खोपा आईच्या नजरेने आपल्याला कधी दिसलेच नसते. त्यांनी आईचे शब्द तिच्या बोलीसकट ठेवले, हे त्यांचे ऋण मोठे आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे. आपल्यापैकी ज्यांना लिहिता येते त्यांनी काही काळ आईवर लिहिणे थांबवावे आणि आईचे ऐकून लिहावे. ती सांगेल ते तिच्या शब्दांत, तिच्या क्रमाने. मध्येच ती हसली तर का हसली ते विचारावे. आणि आपल्या मुली-सुना ज्या दुपारी भांडी आवरल्यावर वहीत चार ओळी लिहून लपवून ठेवतात, त्यांना 'यात सामाजिक आशय कोठे आहे?' असे आपण संपादक-समीक्षकांनी विचारू नये. गेल्या तीस वर्षांत त्या प्रश्नाने किती वह्या बंद झाल्या असतील, याचा हिशोब आपल्याकडे नाही. तो दोष व्यवस्थेवर टाकता येणार नाही. तो आपल्या पदरात घ्यावा लागेल.

स्टेज आपणच उभारले आहे. त्यावरून थोडा वेळ खाली उतरून तिच्या शेजारी बसावे. काय बोलायचे ते तिला माहीत आहे.