साखळी आणि काउंटर नंबर तीन

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, बोईसरच्या एका बँकेत कारकून, उंची बेताची आणि पोट बेताबाहेर. तेव्हा कबड्डीवर टीका करायचा मला अधिकार काय, असे शिपायापासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळे विचारतात. अहो, नवापूरला राहणाऱ्याला तो जन्मतःच मिळतो! इथे रात्रीचे सामने लागले, की मैदानात खेळाडू चौदा आणि दोरीबाहेर प्रशिक्षक चारशे.

माझी तक्रार बचावाबद्दल आहे. चढाईपटूला टाळ्या मिळतात. बचावाचे मात्र आमच्या काउंटरसारखे. नीट चालला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. फसला, की ‘कॉर्नरवर कोण होता रे?’

यू मुम्बाचेच घ्या. प्रो कबड्डीच्या पहिल्या तिन्ही मोसमांत हा संघ अंतिम फेरीत होता. २०१४ साली जयपूरकडून हरला, २०१५ साली बंगळुरूला ३६-३० असे हरवून जिंकला, २०१६ च्या मार्चमध्ये पाटण्याकडून २८-३१ असा थोडक्यात गेला. लोकांनी गोडवे गायले अनुपकुमारच्या बोनसचे. पण दोन कोपऱ्यांत उभे होते मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा! एकाने घोटा धरला, की दुसरा तिथे हजर. पत्रिका पाहूनसुद्धा अशी जोडी जुळत नाही. मग २०१६ चा लिलाव झाला, मोहितला बंगळुरूने ५३ लाखांना नेले, जोडी यू मुम्बाला मुकली आणि पुढच्या मोसमात संघाला उपांत्य फेरीसुद्धा दिसली नाही.

टीव्हीसमोर बसून मला दिसले ते असे, की माणसे बदलली, अंगरखा मात्र जुन्याच मापाचा राहिला. आमच्याकडे काउंटर नंबर तीनवरच्या चपळ बाईंची बदली झाली आणि त्यांच्या जागी सावकाश, पण एक पैसा न चुकणारे गृहस्थ आले. रांग तीच ठेवली. ती दुपारपर्यंत रस्त्यावर गेली. शेवटी त्यांना ड्राफ्टच्या टेबलावर बसवले, तेव्हा दोघांचेही भले झाले.

आणि बचाव काही मोसमालाच बदलायचा असतो असे नाही. तो मिनिटामिनिटाला बदलतो. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असले, तर बोनस चालू, म्हणून कोपऱ्यांना त्या रेषेवर डोळा ठेवावा लागतो. पाच उरले की बोनस बंद. मग पुढे धावायचे कशाला? तीन किंवा कमी उरले, तर एका पकडीचे दोन गुण. समोरच्याच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत त्याला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर तो बाद. तीस सेकंद गप्प उभे राहा ना बाबा! पण नाही. आमचे वीर विसाव्या सेकंदालाच झेप घेतात. उधारी फेडायला तो स्वतःच येतोय, तर वसुलीला धावता कशाला?

समोरचा कोण, हेही पाहायला नको का? परदीप नरवाल हातात हात घातलेल्या साखळीखालून डुबकी मारून निघायचा. २०१७ साली बाद फेरीत त्याने हरियाणाविरुद्ध चढायांत ३४ गुण घेतले, आणि एकाच चढाईत संघाला आठ गुण मिळवून दिले. ज्या हरियाणाने त्या मोसमात मोहित-सुरेंदर ही जोडी पुन्हा जमवली होती, त्याच हरियाणाविरुद्ध! तेव्हा नुसती जोडी नावाजलेली असून भागत नाही. असल्या गड्यापुढे साखळी उंच धरणे म्हणजे दार लावून खिडकी उघडी ठेवणे.

यू मुम्बाने २०१८ साली इराणच्या फजल अत्राचलीला एक कोटीला घेतले, तेव्हापासून आमच्या गावातला प्रत्येक पोरगा डाव्या कोपऱ्यात उभा राहून घोट्यावर झेपावतो. मागून मदतीला कोण येणार, हे ठरलेलेच नसते. त्यापायी एकाचा खांदा गेला. आता त्याला रात्री कुशीवर झोपता येत नाही, आणि आई प्रत्येक सामन्याला नको म्हणते.

मंडळाचा दुसरा कोपरा तारापूरला शिफ्टला लागला आहे. एक आठवडा येतो, एक आठवडा नाही. तरी साखळी तीच. मी प्रशिक्षकांना म्हटले, “तो नसेल त्या आठवड्याला त्या कोळ्याच्या पोराला कोपरा द्या, पुढे जाऊ नका, मागे थांबून धरा. जाळे कधी ओढायचे ते त्याला शिकवावे लागणार नाही.”

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

“भाऊ,” ते म्हणाले, “आमच्या मंडळाचं पासबुक तीन महिने भरून मिळालं नाही. तेवढं आधी बघा.”