कायद्याचे रान आणि राजाची कुऱ्हाड

रॉबर्ट बोल्ट यांचे 'अ मॅन फॉर ऑल सीझन्स' हे नाटक १९६० साली लंडनच्या रंगभूमीवर आले. संत थॉमस मोर यांचे हौतात्म्य त्याचा विषय असल्यामुळे आपण ते श्रद्धेची कथा म्हणून वाचतो. नाटककार मात्र श्रद्धावंत नव्हता. त्याचे खरे प्रेम कायद्यावर आहे, आणि नाटकाचे बळ व उणीव दोन्ही तेथेच आहेत.

उतावळा जावई विल्यम रोपर सैतानाला पकडण्यासाठी देशातले सारे कायदे तोडायला निघतो, तेव्हा मोर त्याला अडवतात. कायद्याचे रान तुटले, तर उद्या आपण लपायचे कोठे? प्रसंग अविस्मरणीय आहे. पुढे मोर त्याच रानात आसरा घेतात. राजा हाच इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा प्रमुख, असे पार्लमेंटने १५३४ साली ठरवले. त्याविरुद्ध नुसते बोलणेही राजद्रोह झाला. मोर बोलत नाहीत. मौनाला शिक्षा नसते, हा त्यांचा भरवसा. रिचर्ड रिचची खोटी साक्ष तो मोडून काढते.

पण रान रिचने तोडले काय? ते आधीच राजाच्या मर्जीने, रीतसर मतदानाने तुटले होते. कायदा करणाऱ्यालाच सीमा नसेल, तर कायद्याचा आसरा तो किती! हे मोर यांना उमगले होते. दोषी ठरल्यावर ते प्रथमच मोकळेपणी बोलतात : पार्लमेंटचा हा कायदा ईश्वरी नियमाविरुद्ध आहे, मॅग्ना कार्टा आणि राज्याभिषेकाची शपथ यांनी ख्रिस्तसभेला दिलेल्या हमीशी विसंगत आहे. (ही हकीकत खऱ्या रोपरनेच लिहून ठेवली.) बोल्ट हा मुद्दा काही वाक्यांत उरकतात, त्यांना मोर यांच्या आत्मसन्मानाची ओढ अधिक. वास्तविक नाटकाचे मर्म येथे होते. संसदेलाही ओलांडता येणार नाही अशी चौकट असते काय, या प्रश्नाला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने केशवानंद भारती खटल्यात, १९७३ साली, होकारार्थी उत्तर दिले. तेही सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने.

दुसरी उणीव आपल्याला अधिक बोचणारी आहे. मोर चान्सेलर असताना, १५२९ ते १५३२ या काळात, सहा जणांना पाखंडी म्हणून जिवंत जाळण्यात आले. त्यांनाही सदसद्विवेकबुद्धी होती, आणि राज्याने तिच्या उंबरठ्याशी थांबायला हवे होते. नाटकात त्या ज्वाळा कोठेच दिसत नाहीत. रोपरचे ल्यूथरवेड तेवढे सौम्य विनोदापुरते येते.