पिता, पुत्र आणि पाषाण

एडमंड गॉस याचें 'फादर अँड सन' हें पुस्तक १९०७ सालीं प्रथम निनांवी प्रसिद्ध झालें. विज्ञान आणि ख्रिस्ती श्रद्धा यांच्या झगड्याची गोष्ट निघाली कीं त्याचा दाखला हटकून दिला जातो, आणि बहुधा एकाच अर्थानें: बाप श्रद्धेचा, मुलगा बुद्धीचा, व अखेर जय बुद्धीचा. पुस्तक सावकाश वाचणाऱ्यास हा अर्थ अपुरा वाटल्यावांचून राहणार नाहीं.

पिता फिलिप हेन्री गॉस (१८१०–१८८८) हा कोणी अडाणी धर्मवेडा नव्हता. समुद्रांतील जीवांचा तो नामांकित अभ्यासक असून १८५६ सालीं त्यास रॉयल सोसायटीचें सदस्यत्व मिळालें होतें. डेव्हनच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं खडकांतल्या डबक्यांत उतरून तो तेथील जीव न्याहाळी, आणि या न्याहाळण्यांत व प्रार्थनेंत त्यास कांहीं अंतर दिसत नसे. त्याचबरोबर प्लिमथ ब्रदरेन या कडव्या पंथाचा तो अनुयायी होता. बायबलांतील अक्षर न्‌ अक्षर त्यास प्रमाण होतें.

सृष्टि सहा दिवसांत झाली असें बायबल सांगतें. लायेलप्रभृति भूगर्भशास्त्रज्ञ मात्र खडकांचे थर दाखवून पृथ्वी अतिप्राचीन असल्याचें प्रतिपादीत होते. हा पेंच सोडविण्यासाठीं गॉसनें १८५७ सालीं, म्हणजे डार्विनच्या ग्रंथापूर्वीं दोन वर्षें, 'ऑम्फॅलॉस' लिहिला. या ग्रीक शब्दाचा अर्थ नाभि. आदम मातेच्या उदरीं जन्मला नाहीं, तरी त्यास नाभि असलीच पाहिजे. नुकत्याच निर्मिलेल्या वृक्षाच्या खोडांतही वर्तुळें असलींच पाहिजेत. त्याचप्रमाणें पृथ्वीही न घडलेल्या भूतकाळाच्या खुणांसह, जीवाश्मांसकट, निर्माण झाली, असा त्याचा युक्तिवाद.

हा युक्तिवाद खोडतां येत नाहीं, आणि हेंच त्याचें वैगुण्य. ज्याच्याविरुद्ध कोणताही पुरावा उभा राहूं शकत नाहीं, त्याच्या बाजूनेंही कोणता पुरावा उभा राहत नाहीं. सर्वांत वर्मीं लागणारा आक्षेप घेतला तो गॉसचा मित्र चार्ल्स किंग्जली यानें, आणि किंग्जली हा स्वतः धर्मोपदेशक होता. परमेश्वरानें पाषाणांवर एवढें मोठें असत्य लिहून ठेविलें, यावर आपला विश्वास बसत नाहीं, अशा आशयाचें त्यानें गॉसला कळविलें. तेव्हां हा वाद श्रद्धेच्या घरांतलाच होता. एकास ग्रंथ खरा ठरावयास हवा होता, दुसऱ्यास ग्रंथकर्ता.

या दृष्टीनें एडमंडच्या बालपणींचा एक प्रसंग पाहावा. मूर्तिपूजेनें देव कोपतो, असें त्यास घरीं शिकविलें होतें. खरेंच कोपतो काय, हें पाहण्यासाठीं त्यानें एका लांकडी खुर्चीची प्रार्थना केली. कांहींच घडलें नाहीं. वाचक येथें हसतो. परंतु मला हा प्रसंग पुस्तकाचा गाभा वाटतो. बालकानें आपली समजूत कसोटीस लाविली. ज्याचा जन्म निरीक्षणांत गेला त्या पित्यानें मात्र आपली समजूत कसोटीच्या पलीकडे नेऊन ठेविली.

एडमंडचें चित्र सर्वस्वीं न्याय्य आहे असें नाहीं. अ‍ॅन थ्वेट यांनीं २००२ सालीं लिहिलेल्या फिलिप गॉसच्या चरित्रांत हा पिता पुत्रानें रंगविला त्याहून अधिक प्रसन्न व प्रेमळ दिसतो. तथापि डबक्यांचा विषय निघाला कीं पुत्राची लेखणी मऊ होते. पित्याचीं पुस्तकें वाचून हौशी संग्राहकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या आणि तीं सुंदर डबकीं ओरबाडलीं गेलीं. हें दुःख पित्यास जन्मभर सललें, आणि तें सांगतांना पुत्रही हळहळतो. धर्मानें दुरावलेले ते दोघे येथें एकत्र येतात. वडिलांची निष्ठा आणि मुलांचें शिक्षण यांची ज्या घरांत गांठ पडली आहे, तेथें हें पुस्तक अवश्य वाचलें जावें. मात्र जय कोणाचा झाला, एवढेंच पाहण्यासाठीं नको.