‘ब्रेन ऑन फायर’ : हरवलेला महिना आणि प्रतिपिंडाची साक्ष

सुझाना कॅहलन यांचे ‘ब्रेन ऑन फायर’ (2012) आजारपणाचे आत्मकथन म्हणून वाचले जाते. परंतु ज्या महिन्याभोवती ते फिरते, त्याची स्मृती लेखिकेपाशी जवळजवळ नाही. 2009 मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’च्या या तरुण वार्ताहरास भ्रम, झटके व वाचाक्षीणता यांनी ग्रासले. रुग्णालयातील चित्रफिती, वडिलांची रोजनिशी व इतरांच्या मुलाखती यांच्या आधारे त्यांनी स्वतःविषयीच वार्तांकन केले आहे.

वाचकांच्या लक्षात राहते ते घड्याळ. डॉ. सुहेल नज्जर यांनी काढावयास सांगितलेल्या या चित्रात सर्व आकडे उजव्या बाजूस दाटले होते. प्रसंग विलक्षण आहे, यात शंका नाही. तथापि घड्याळाने मेंदूच्या उजव्या भागाकडे केवळ बोट दाखविले, बायोप्सीने दाह दाखविला. आजाराची ओळख पटविली ती प्रतिपिंडांनी. स्मृती व वर्तनासाठी आवश्यक अशा एनएमडीए ग्राहींवर हल्ला करणारी ही स्वयंप्रतिपिंडे होसेप दालमाऊ व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 12 रुग्णांच्या अभ्यासातून वर्णिली होती. लेखिकेचे नमुने दालमाऊंकडेच तपासले गेले. कथनाच्या नाट्यात ही शोधप्रक्रिया मागे पडते, हे मला पुस्तकाचे उणेपण वाटते. कारण या कथनातील ‘मी’ वेडी ठरली नाही, ती त्याच तपासणीमुळे.

या शोधापूर्वी अशा रुग्णांचे काय झाले असेल, हा प्रश्न लेखिका विचारते. तेथे मात्र पुस्तक आत्मकथनाची सीमा ओलांडते आणि मनोरुग्णालयांतील जुन्या नोंदींकडे संशयाने पाहावयास लावते.